ऑडिटर निवडून द्यावा का?

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी असते. ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असं कायदा सांगतो म्हणून असते, नाहीतर कुणी घेतली नसती. गोरेगावात फ्लॅट घेऊन मला सहा वर्षं झाली. त्यातल्या पाच सभांना मी दांडी मारली. कधी रिलीज होता, कधी कंटाळा होता. (खरं सांगायचं तर चार वेळा कंटाळाच होता.) सहाव्या वर्षी पार्किंगचा विषय होता म्हणून गेलो. आपल्या गाडीचा प्रश्न आला की माणूस लगेच लोकशाहीत भाग घ्यायला लागतो.

विषय क्रमांक तीन: मागील वर्षाचा ताळेबंद व लेखापरीक्षण अहवाल मंजूर करणे. विषय क्रमांक चार: चालू वर्षासाठी लेखापरीक्षकाची नेमणूक करणे. सेक्रेटरींनी दोन्ही एका दमात वाचले. "मंजूर?" "मंजूर!" झालं. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक काका उभे राहिले. हातात अहवालाची झेरॉक्स, समासात पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "टँकरच्या पावत्यांवर गाडीचा नंबर नाही असा शेरा ऑडिटरने मारलाय. गेल्या वर्षी हाच होता. त्याच्या आदल्या वर्षीही हाच. शब्द न शब्द तोच. दोषदुरुस्ती अहवाल कुठे आहे?"

सभेत शांतता पसरली. वैतागाची शांतता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "काका, वडे गार होतायत." सगळे हसले. मीही हसलो. काका खाली बसले, झेरॉक्सची घडी घातली आणि खिशात ठेवली.

रात्री घरी आल्यावर मला काही ते हसू पचेना. मेल उघडून बघितलं. पाचही वर्षांचे अहवाल इनबॉक्समध्ये पडले होते, न उघडलेले. वाचले. काकांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. शेरा तोच, आणि टँकरचा खर्च मात्र दरवर्षी चढता. घोटाळा झालाय असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणता येत नाही आणि 'झाला नाही' असंही म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. ज्या पावतीवर नंबर नाही तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ऑडिटरने आपलं काम चोख केलं होतं. तीन वर्षं ओळीने लिहून ठेवलं होतं. वाचणारा एक होता आणि त्याला आम्ही वड्यांवरून हसलो.

सोमवारी ऑफिसात जेवताना हे सांगितलं तर एक मित्र (बॉस्टनला चार वर्षं काढून आलेला) म्हणाला, "अरे, तिकडे राज्याचा ऑडिटर लोक मतदान करून निवडतात. आपल्याकडे सरकारच ऑडिटर नेमतं, मग तो काय बोलणार? निवडून द्या, बघ कसा बोलतो ते."

ऐकायला एकदम पटतं. म्हणून शनिवार-रविवार त्यावरच घालवला. आता माझं मत झालंय ते सांगतो. मित्राला ते आवडलेलं नाही.

तर मित्र राहत होता त्या मॅसॅच्युसेट्स राज्याचीच गोष्ट. तिथे राज्याचा ऑडिटर खरंच चार वर्षांनी निवडून येतो. जो डीनुची नावाचा माणूस तिथे १९८७ ते २०११ अशी २४ वर्षं ऑडिटर होता. लागोपाठ सहा निवडणुका जिंकला. मुळात हा माणूस व्यावसायिक मुष्टियोद्धा! मग आमदार, मग ऑडिटर. सीए वगैरे काही नाही. लोकांना आवडायचा, ओळखीचा चेहरा होता, म्हणून निवडून यायचा. आता २४ वर्षं एकाच खुर्चीत बसून सगळ्या खात्यांचे हिशेब तपासायचे म्हणजे अनुभव केवढा! पण खुर्ची सुटण्याच्या सुमारास काय निघालं? आपल्याच एका वयस्कर चुलतभावाला त्यांनी आपल्याच ऑफिसात अपहार शोधण्याच्या पदावर घेतलं होतं. त्याबद्दल २ हजार डॉलर दंड झाला. रक्कम किरकोळ आहे. पण ज्याने दुसऱ्यांच्या भरत्या तपासायच्या त्याच्याच भरतीत भाऊ सापडला. निवडून येणाऱ्या माणसाला माणसं सांभाळावी लागतात, ते असं.

त्याच राज्याची अजून एक गंमत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला होता: ऑडिटरला विधिमंडळाचाच हिशेब तपासायचा अधिकार द्यावा का? १०० पैकी ७० पेक्षा जास्त लोकांनी 'द्यावा' म्हणून मत दिलं. ऑडिटर लोकांनी निवडलेली, अधिकार लोकांनी दिलेला. तरी विधिमंडळाने 'हे आमच्या घटनात्मक स्वातंत्र्यात बसत नाही' म्हणून कागद द्यायला विरोध केला. म्हणजे ऑडिटर निवडून आला की कपाटं आपोआप उघडतात असंही नाही.

आता आपल्याकडे या. आपला महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, राष्ट्रपती नेमतात. प्रत्यक्षात सरकारच्या सल्ल्याने, म्हणजे मित्राचा आक्षेप तिथपर्यंत बरोबर आहे. पण नेमल्यावर त्याला हात लावणं कठीण करून ठेवलंय. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी होईल ते. काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकीच अवघड प्रक्रिया. आणि कलम १४८ म्हणतं की खुर्ची सोडल्यावर केंद्र किंवा राज्य सरकारात पुन्हा पद घेता येणार नाही. म्हणजे आज कुणाला खूश ठेवलं तर उद्या काही मिळेल ही आशाच काढून टाकायची. १९४९ साली घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हा अधिकारी घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे असं म्हटलं होतं, आणि त्याचं काम न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचं मानलं होतं. उगाच नाही.

ही आशा पूर्ण गेली का? नाही. बोफोर्सवरचा १९८९ चा कॅगचा अहवाल ज्यांच्या काळात आला ते टी. एन. चतुर्वेदी पुढे भाजपचे राज्यसभा सदस्य झाले, मग कर्नाटकचे राज्यपाल. टू-जीचा २०१० चा अहवाल देणारे विनोद राय तर काही काळ देशातले सर्वांत लोकप्रिय अधिकारी होते. त्या अहवालातला १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा रिक्षावाल्यांनाही पाठ होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या आकड्याखाली अहवालात 'असा हिशेब केला तर इतकं, तसा केला तर तितकं' असे बरेच पर्याय होते, ते कुणालाच पाठ नव्हते. गर्दीला एकच आकडा लागतो. ज्या ऑडिटरला दर चार वर्षांनी या गर्दीकडे मतं मागायची आहेत तो कुठला आकडा पहिल्या पानावर छापेल, तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत: ऑडिटर निवडून देऊ नये. त्याला लोकप्रिय व्हायची गरजच नसली पाहिजे. तो आमच्या धंद्यातल्या चांगल्या टेस्टरसारखा असावा. रुक्ष, किचकट, पार्टीला कुणी बोलवत नाही असा. त्याने बग शोधायचा, नीट पायऱ्या लिहून नोंदवायचा आणि पुढच्याकडे वळायचं.

पण कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला पुढचा प्रश्न लगेच पडेल. बग नोंदवला, मग? तो उघडून वाचतो कोण? 'हा या रिलीजमध्ये सुटलाच पाहिजे' म्हणून मीटिंगमध्ये टेबलावर हात कोण आपटतो? तीन-तीन वर्षं 'ओपन' पडलेले बग आपण सगळ्यांनी पाहिलेत. टेस्टर बदलून ते सुटत नाहीत.

राज्याच्या हिशेबात हात आपटायचं काम लोकांनी निवडलेल्या माणसाचं आहे. कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात मांडला जातो, मग लोकलेखा समितीत आमदार सचिवांना बोलावून त्यावर विचारतात. निदान विचारावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे हे अहवाल बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, तिसऱ्या दिवशी विसर. म्हणजे आमच्या सभेसारखंच. वडे तेवढे वेगळे.

म्हणून २४ वर्षांची कारकीर्द बघायचीच असेल तर ती ऑडिटरची बघू नये, हिशेब मागणाऱ्या लोकप्रतिनिधीची बघावी असं मला वाटतं. आणि त्यासाठी मॅसॅच्युसेट्सला जायची गरज नाही. गोरेगाव स्टेशनला उतरलं तरी पुरतं.

मृणाल गोरे. जन्म १९२८, मृत्यू जुलै २०१२. माझ्या पिढीला त्या एका उड्डाणपुलाचं नाव म्हणून माहीत आहेत. "मृणालताई गोरे पुलावरून घे" असं मी रिक्षावाल्याला शंभरदा सांगितलं असेल. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत आल्या. गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं १९५७ साली, त्याआधी इथे ग्रामपंचायत होती. त्यांची पहिली निवडणूक या ग्रामपंचायतीची. १९५८ मध्ये नवरा गेला, मुलगी लहान. १९६१ मध्ये नगरसेवक. १९७२ मध्ये आमदार. १९७७ मध्ये खासदार. १९८५ मध्ये पुन्हा आमदार आणि विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. एवढ्या सगळ्या वर्षांत मंत्री एकदाही नाही.

त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे हे तुम्ही ऐकलं असेल. आपण ते नाव ऐकून हंडा, मोर्चा, घोषणा एवढंच डोळ्यासमोर आणतो. मला आता वाटतं की ते नाव मुळात हिशेबाचं आहे. महापालिकेकडे पाणी येतं किती, त्यातलं उपनगराला किती, झोपडपट्टीतल्या नळाला किती, आणि माझ्या वॉर्डातल्या बाईच्या हंड्यात पडतं किती? शेवटचा आकडा मोजायला ऑडिटर येत नाही. तो रांगेत उभी असलेली बाई मोजते आणि तिने निवडून दिलेली दुसरी बाई तो सभागृहात विचारते. १९७२ च्या महागाईत अहिल्या रांगणेकरांसारख्या दुसऱ्या पक्षातल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी लाटणी हातात घेतली, तेही तसंच. रेशनवर तेल-साखर किती यायला हवी होती आणि किती आली? १९७७ ची ती प्रसिद्ध घोषणा आठवत असेल: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. घोषणा मजेदार आहेच. पण दिल्लीला पोचायच्या आधी वीसेक वर्षं नळ, गटार आणि रेशनच्या रांगा यांचे हिशेब मागून झाले होते.

त्यांचे सहकारी प. बा. सामंत यांनी तर एका राज्याचा मुख्यमंत्री हिशेबावरून हलवला. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंटची टंचाई होती, वाटप सरकारच्या हातात. मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला देणग्या आणि बिल्डरांना मिळालेलं सिमेंट यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न घेऊन सामंत उच्च न्यायालयात गेले. देणगीची तारीख एका बाजूला, सिमेंटच्या परवान्याची दुसऱ्या बाजूला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की संबंध आहे. अंतुल्यांनी राजीनामा दिला. हेही सांगायला हवं की फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं चालला आणि त्यांना शिक्षा झाली नाही. पण दोन याद्या शेजारी ठेवून वाचणारा माणूस नसता तर त्या दोन फायलींत दोन ठिकाणी तशाच राहिल्या असत्या.

आणि ही मंडळी नुसतीच विचारत बसली असंही नाही. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची हजारो घरं उभी आहेत. त्यात बेताच्या कमाईची माणसं राहतात. सरकारकडून जमीन मिळवून ही घरं बांधायच्या लढ्यात मृणालताई, सामंत हीच मंडळी पुढे होती. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने स्वतः कारभार करून दाखवणं सगळ्यात कठीण. डीनुची ज्या जागी घसरले तीच ही जागा.

"पण असली माणसं आता राहिली नाहीत" हे वाक्य तुमच्या तोंडावर आलं असेल. माझ्याही आलं होतं. म्हणून महापालिकेचं अलीकडचं बघितलं.

मुंबई महापालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. त्याचा अहवाल जातो स्थायी समितीकडे, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांकडे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. आयुक्तच प्रशासक झाले आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याचकडे आले. आता ही डेटा-फ्लोची आकृती मनात काढून बघा. खर्च करणार आयुक्त. खर्चावरचा शेरा जाणार आयुक्तांकडे. इनपुट आणि आउटपुट एकाच डब्याला जोडलेले. जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका अशी चालली.

दरम्यान २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी कॅगकडून करून घेतली. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत मांडला गेला. निविदा न मागवता दिलेली कामं, करारनामा न करता दिलेली कामं, सगळं त्यात आहे. सत्ताधारी म्हणाले बघा मागच्यांनी काय केलं, मागचे म्हणाले हे राजकारण आहे. दोघांचंही आपापल्या जागी ठीक. पण हा अहवाल पुढ्यात ठेवून 'माझ्या वॉर्डातल्या अमुक रस्त्याचं काय?' असं विचारणारा एकही नगरसेवक त्या दिवशी महापालिकेत नव्हता, कारण नगरसेवकच नव्हते. आणि आपण, म्हणजे मी, माझं ऑफिस, माझी सोसायटी, त्या काळात निवडणूक का होत नाही म्हणून किती बोललो? मी तर आमचा वॉर्ड नंबरही गुगल करून शोधला. तोही परवा.

म्हणजे माणसं राहिली नाहीत हे अर्धंच खरं. एक मृणाल गोरे पुन्हा पुन्हा निवडून यायच्या तेव्हा त्यांना मत देणारं एक गोरेगाव होतं. ते मोर्चात चालायचं आणि सभेत थांबायचं. आम्ही पार्किंगच्या विषयाला येतो.

मित्राचं म्हणणं अजूनही असं की मी अमेरिकेवर अन्याय करतोय, चांगले ऑडिटरही निवडून येतात. येत असतील. पण एक लक्षात घ्या. आमच्या सोसायटीचा ऑडिटरसुद्धा निवडूनच येतो! सहकार कायद्याप्रमाणे सरकारी यादीतून लेखापरीक्षक नेमायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, म्हणजे माझा. तो मी त्या रविवारी वापरला. हात वर करून, नाव न ऐकता, दहा सेकंदांत. निवडणूक हा उपाय असता तर आमची सोसायटी आज सुधारलेली असती :-)

पुढच्या रविवारी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. माफी वगैरे मागायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. "काका, तो ओ फॉर्म म्हणजे काय हो?" एवढंच विचारलं. ओ फॉर्म म्हणजे दोषदुरुस्ती अहवाल: ऑडिटरच्या प्रत्येक शेऱ्यासमोर कमिटीने आम्ही काय केलं हे लिहून द्यायचं. काकांनी चहा ठेवला आणि कपाटातून फाईल काढली. वर्षवार अहवाल, प्रत्येकावर पेन्सिलीच्या खुणा. म्हणाले, "माझी आई लाटणं घेऊन मोर्चाला गेली होती. घरी येऊन म्हणाली, ओरडायला सगळे असतात रे, आकडे पाठ असलेली एकच बाई होती."

मग आम्ही दोघांनी मिळून कमिटीला पत्र लिहिलं. टँकरच्या तीन वर्षांच्या पावत्या बघायला मिळाव्यात, सभासद म्हणून. पत्रावर सह्या दोन. पोच घेतली, तारखेसकट. पावत्या अजून बघायला मिळालेल्या नाहीत, पण सेक्रेटरी आता लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत, म्हणजे पत्र वाचलेलं दिसतंय.

तुमच्याही इनबॉक्समध्ये एक न उघडलेला अहवाल असेलच. आज रविवार आहे. बारा-पंधरा पानांचा असतो, चहा संपेपर्यंत वाचून होतो. वाचा, आणि गेल्या वर्षीचा शेजारी ठेवा. एखादं वाक्य दोन्हीकडे जसंच्या तसं सापडलं, तर पुढच्या सभेला जाताना वडे जरा उशिरा आणायला सांगा.